मांडीवर मावणारं मशीन

खोली पाहायला आलेला माणूस आधी खिडकी पाहतो, नळाला पाणी केव्हा येतं ते विचारतो. ह्याने दारात उभं राहून मला पहिला प्रश्न विचारला, "काका, घराला अर्थिंग आहे का?"

मी सारी जिंदगी वांगी अन् मिरच्या पिकवल्या अन् धामणगाव बढ्याच्या बाजारात बसून विकल्या. शाळेशी माझा संबंध थोडाच आला. मी म्हटलं, लाईट आहे, पंखा फिरतो, पटत असेल तर राहा. त्याने मीटर पाहिलं. मीटरखालून निघालेली तार कुठे जाते ते वाकून पाहिलं. ती कुठेच जात नव्हती. म्हणे, माझ्या खर्चाने करून घेतो, घरामागे एक खड्डा तेवढा खणू द्या. वरची खोली त्याने त्या दिवशी पाहिलीच नाही.

बायको आतून ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "ठेवून घ्या त्याले. येड्यावानी दिसते, पण खोटं बोलणारा नाही दिसत."

तो बँकेत कारकून होता. शहरातल्या शिकल्या-सवरल्या घरचा, चाळिशीकडे झुकलेला, लग्न केलेलं नाही. गाव त्याला मशीनवाले साहेब म्हणायचं. तोंडावर मीही साहेबच म्हणायचो. इथे 'तो' लिहितो, कारण घरातल्या माणसाला कोणी साहेब म्हणत नाही.

सामान म्हणाल तर एक वळकटी, एक शेगडी अन् एक पत्र्याचा काळा डबा. डबा त्याने बसमधून मांडीवर घेऊन आणला. वर टाकू दिला नाही, खाली पायाशी ठेवला नाही. कंडक्टर म्हणाला होता, साहेब, लेकराचं अर्धं तिकीट काढा. त्या डब्यात कॉम्प्युटर होता. बँकेच्या नोकरीत बदल्या होतात, म्हणून त्याने ठरवून मांडीवर मावेल एवढंच मशीन बनवून घेतलेलं. ह्याच्यापेक्षा मोठं घेतलं तर बसमध्ये त्याच्यासाठी वेगळी सीट लागेल, म्हणे, अन् सीटवरून ते पडेल.

मशीन काय करतं हे त्याने मला खूपदा सांगितलं अन् मला कळलं नाही. हिला एकदाच सांगितलं अन् कळलं. म्हणे, काकू, जगात मोठमोठे शास्त्रज्ञ रोगांचा अभ्यास करतात. आपल्या अंगातले बारीक कण कसे वळतात, कुठे चुकीचे वळतात, त्याचा हिशेब एवढा मोठा की एका मशीनने होत नाही. मग ते त्याचे तुकडे करतात अन् इंटरनेटवरून लोकांच्या घरी पाठवतात. ज्याचं मशीन रिकामं असेल त्याने आपला तुकडा करायचा अन् परत पाठवायचा. मजुरी नाही.

ही म्हणाली, "म्हणजे सावड."

आज तू माझ्या वावरात निंदायला ये, उद्या मी तुझ्या वावरात येतो, ह्याला आमच्याकडे सावड म्हणतात. साहेब एकदम खूष झाला. बरोबर काकू, सावड. पण ही तिथे थांबणारी नव्हती. "सावड तर फेडा लागते, भाऊ. तुमची कोण फेडते?"

त्याने डोकं खाजवलं. म्हणे, कोणी नाही.

"मंग खरंच येडे हाये तुमी," असं म्हणून तिने त्याच्या पुढ्यात भाकर अन् ठेचा ठेवला. तेव्हा तिला अजून भाकर थापता येत होती.

त्याची बोलायची तऱ्हा न्यारी होती. सगळं विजेच्या मापात. बल्ब किती खातो, पंखा किती खातो, आमचा जुना टीव्ही बंद असतानासुद्धा किती खातो. पाहुणा घरी आला की माझ्या कानाशी येऊन विचारायचा, हे किती दिवस चालू राहणार आहेत? लाईट गेली की बँकेतून फोन करायचा, काका, आली का? मशीनला त्याने एक बॅटरी लावून ठेवली होती. लाईट जाताच मशीन धाडकन बंद पडू नये, हातातलं काम नीट ठेवून मग बंद व्हावं म्हणून. मी म्हटलं, एवढं कशाला? तर म्हणे, जेवणाऱ्याला अर्ध्या ताटावरून उठवायचं का?

घाटाखालचा आमचा उन्हाळा म्हणजे भट्टी. मे महिन्यात पत्र्याखालच्या त्या खोलीत दुपारी मशीनला सुट्टी असायची, सकाळी गारव्याला ते काम करायचं. मी त्याला कूलर घ्यायला सांगितलं. तर म्हणे, ओली हवा त्याला सोसत नाही. मी विचारलं, अन् तुम्हाले? म्हणे, मला घाम येतो काका, त्याला येत नाही. असल्या माणसाशी काय बोलावं.

हिच्या हातांना कंप होता. डॉक्टर कंपवात म्हणायचे. आधी चहाची कपबशी वाजायला लागली, मग सुईत दोरा जाईना, मग चालताना पाय जमिनीला चिकटायला लागले. लेक सुरतेला, तिचा संसार तिला. घरात आम्ही दोघं अन् वर हा.

एकदा ती त्याला म्हणाली, "भाऊ, माह्या हाताचं बी असते का त्या कामात?"

"असतं काकू. कधी त्याचा तुकडा येतो, कधी दुसऱ्या रोगाचा."

"मंग मले गुण येईन?"

मी तिथेच मिरच्यांचे देठ खुडत बसलो होतो. अशा वेळी कोणीही माणूस हो म्हणून मोकळा होतो. हा म्हणाला, "नाही काकू. तुमच्या कामी नाही येणार. ह्याला फार वर्षं लागतात."

माझं डोकं सणकलं. मी मिरच्यांचं टोपलं उचलून बाहेर गेलो. मागून हिचा आवाज आला, "बरं झालं सांगतलं. डॉक्टर बी नाही सांगत." त्या दिवसापासून ती रोज मशीनची चौकशी करायला लागली. चालू आहे का, आज कोणाचं काम आलं, लवकर होते का उशीर लागते. जिना चढताना तिला भिंत धरावी लागायची, तरी दिवसातून एकदा वर जाऊन पाहून यायची.

दसऱ्याला आमच्या घरी हत्यारांची पूजा असते. तराजू, खुरपं, विळा, फवारणीचा पंप, सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळद-कुंकू लावायचं, अक्षता टाकायच्या, वर कोरं फडकं झाकायचं. त्या दिवशी हत्यारांनी आराम करायचा, कोणी हात लावायचा नाही. त्या वर्षी संध्याकाळी तिनेच साहेबाला बळजबरी बाहेर काढलं. सणासुदीला कोंबडीवानी खुराड्यात काय बसता, म्हणे, जा, लोकांले सोनं द्या. तो आपट्याची पानं खिशात भरून गेला. मीही गेलो. खालची पूजा झाल्यावर तिला वाटलं, वर एक काम करणारं राहिलं की. ताम्हण घेऊन ती वर गेली.

मशीन चालू होतं. बंद कसं करतात ते तिला माहीत नव्हतं, अन् चालू असताना पूजू नये हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आमची हत्यारं आपोआप चालत नाहीत. हात थरथरत होता, त्यामुळे चिमूटभर पडायचं कुंकू मूठभर पडलं. डब्याला वरून जाळी आहे, तिच्यातून अक्षता आत गेल्या. मग तिने वरून फडकं झाकलं, चारही बाजूंनी नीट खोचलं, अन् नमस्कार करून खाली आली.

आम्ही परतलो तेव्हा जिन्यात जळक्याचा वास होता. त्याने धावत जाऊन फडकं काढलं, डबा उघडला. आत सगळं लाल. त्या मशीनमध्ये मोठा हिशेब करणारा एक भाग असतो, त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात, त्याला स्वतःचा पंखा असतो. त्या पंख्यात तांदळाचा दाणा अडकला होता. वरून फडकं. कार्ड जळालं होतं.

ही जिन्याच्या तोंडाशी उभी. साहेबाने पंख्यातला दाणा चिमटीने काढला. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "काकू, पूजा बरोबर झाली. फक्त चालू यंत्राची झाली."

हसवायला म्हणाला. ती हसली नाही.

त्यानंतर ती वर गेली नाही. तो जेवायला बसला की आत निघून जायची. मला एकदा म्हणाली, "फुकट काम करणारं एक होतं घरात, ते बी म्याच बंद पाडलं." मी म्हटलं, नवीन येईन. तर म्हणाली, "आता माहं काही खरं नाही. ते सुरू झालेलं पाहून जाऊ द्या मले, बाकी काही नाही पाह्यजे." बाई कधी काही मागायची नाही. साडी नाही मागितली, तीर्थ नाही मागितलं. हे मागितलं.

मला वाटलं, सोपं आहे. दुकानात जायचं, कार्ड घ्यायचं. पण साहेबाचं निवडणं सुरू झालं.

डबा मांडीएवढा, त्यामुळे कार्ड बुटकं पाहिजे. मोठी कार्डं माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब असतात, ती बाद. मग मोबाईलवर एकेक बुटकं कार्ड पाहायचा, त्याचं माप काढायचा अन् साबणाच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून त्याच मापाचं खोटं कार्ड बनवायचा. ते डब्यात लावून ठेवायचा. सकाळी बँकेत जाताना पाहायचा, आल्यावर पाहायचा. एक लांबीला बसलं पण जाडीला जास्त निघालं, बाजूच्या भागाचं तोंड दाबत होतं. एक बसलं पण त्याला वेगळी तार लागते, अन् डब्यातल्या वीज देणाऱ्या भागाला तेवढी ताकद नाही. म्हणे, पाहुणा बोलवायच्या आधी घरात डाळ किती आहे ते पाहावं लागतं, काका. एक स्वस्तात मिळत होतं, जुनं. त्याला कळलं की ते कोणीतरी इंटरनेटवरचे पैसे पाडायला रात्रंदिवस जुंपलेलं होतं. म्हणे, थकलेला बैल आहे तो, नको.

मी विचारलं, "साहेब, कार्ड पाहून राह्यले का पोरगी? एवढे स्थळं तर कोणी पाहत नाही."

तो मनावर घ्यायचा नाही. दिवाळी गेली. थंडी आली. शेवटी त्याचं एक कार्ड पक्कं झालं, एका पंख्याचं, बुटकं अन् ताकदीचं. त्याच्यासाठी वीज देणारा भागही मोठा घ्यायचं ठरलं. पण जाऊन आणायचं म्हटलं की आज बँकेत गर्दी, उद्या अजून एक माप पाहायचं. इकडे हिचं गिळणं अवघड झालं. कुशीवर वळवायलाही मी लागायचो. आवाज एवढा बारीक झाला की कान तोंडाजवळ न्यावा लागायचा. अन् त्या बारीक आवाजात ती विचारायची, आणलं का?

एका सकाळी तो बँकेत निघाला होता. मी जिन्यात त्याची वाट अडवली. "तुमचं कार्ड निवडून होईन तवर बाई जाईन," मी म्हटलं. "मंग बसजा पुठ्ठे कापत."

तो माघारी वळला. वर गेला, बँकेत फोन करून सुट्टी टाकली अन् पिशवी घेऊन खाली आला. हिने मला खुणेने जवळ बोलावलं. म्हणाली, "तुमी बी जा संगं. एकटा गेला तर रिकाम्या हातानं येईन." शेजारीण तिच्याजवळ बसली अन् आम्ही जळगावची बस धरली.

बसमध्ये तो पिशवी मांडीवर धरून बसला. मलकापूर गेल्यावर मीच विचारलं, काऊन एवढा उशीर लावता? माणूस हुशार आहे तुमी.

म्हणाला, "काका, घेतलं, लावलं अन् तेही जळालं, तर काकूंना काय सांगू?"

मी खिडकीबाहेर पाहायला लागलो.

दुकान एका मोठ्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. साहेबाने पिशवीतून पुठ्ठ्याचं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. दुकानदार म्हणाला, हे कोणत्या कंपनीचं? तिथले दोघं-तिघं हसले. मग दुकानदाराने ठरलेलं कार्ड काढलं. पुठ्ठ्यावर ठेवलं तर बरोबर तेवढंच. मला वाटलं, सुटलो. साहेब म्हणाला, चालवून दाखवा. त्यांनी टेबलावरच्या मशीनला ते लावलं, त्याच्यावर भारी काम टाकलं. पंखा फिरायला लागला. साहेबाने खाली वाकून कान कार्डाजवळ नेला अन् डोळे मिटले. दुकानदार माझ्याकडे पाहत होता, मी दुसरीकडे.

उभा राहून म्हणाला, ह्याच्याहून कमी आवाजाचं आहे का?

दुकानदाराने एक अगदी लहान काढलं. उंचीला निम्मं, हाताच्या पंजाएवढं. वेगळी तार नाही, जास्त वीज नाही. तेही लावून दाखवलं. साहेबाने पुन्हा कान लावला. ह्या वेळी बराच वेळ लावला.

"साहेब, हे कमजोर आहे," दुकानदार म्हणाला. "तुम्ही म्हणता ते काम ह्याच्यावर लई हळू होईल. पहिलं घ्या. आवाजाचं काय, खोलीचं दार लावून घ्यायचं."

"हेच द्या," साहेब म्हणाला. "आजारी माणसाच्या खाटेजवळ ठेवायचं आहे."

मला हे पहिल्यांदा कळत होतं. दसऱ्यापासून त्याने जे निवडलं होतं ते त्याने काउंटरवर सोडलं. जिना उतरताना मी त्याला म्हटलं, चला, चहा घेऊ. चहा त्याने कपात अर्धा ठेवला. घरी जायची घाई आता त्यालाच होती.

घरी येऊन त्याने डबा वरून खाली आणला. हिच्या खाटेशेजारी पाटावर ठेवला. कार्ड लावायला त्याला जास्त वेळ लागला नाही. मग म्हणाला, काकू, बटन तुम्ही दाबा. मी तिला मागून धरून बसवलं. बोट बटनापाशी जायचं अन् घसरायचं, पुन्हा जायचं, पुन्हा घसरायचं. त्याने मदत केली नाही. मीही केली नाही. शेवटी दाबलं गेलं. पुढचा बारीक दिवा लागला.

ती वाट पाहत राहिली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "चालू झालं का?"

त्याने एवढं बिनआवाजाचं कार्ड आणलं होतं की तिला ते ऐकूच येईना. तो गडबडला. चालू आहे काकू, खरंच चालू आहे. मोबाईलच्या स्क्रीनवर काहीतरी दाखवायला लागला, ते तिला दिसत नव्हतं. मग त्याने तिचा हात धरला अन् डब्याच्या मागच्या जाळीशी नेऊन ठेवला. तिथून गरम हवा येत होती.

तिचा चेहरा मी पाहिला. "हाव," ती म्हणाली. "करून राह्यलं काम."

थंडीचे दिवस, तिचे हात बर्फ झालेले असायचे. पुढे रोज ती हात तिथे ठेवून पडून राहायची. कंप काही थांबला नाही, तशीच थरथरणारी बोटं जाळीवर असायची. साहेब बँकेतून आला की आधी तिच्या खाटेशी बसायचा अन् आज काय झालं ते सांगायचा. कमजोर कार्ड, एकेक तुकडा करायला त्याला फार वेळ लागायचा. एक पूर्ण झाला की तो तिला सांगायचा, काकू, गेला बरं का. ती विचारायची, कोणाचा होता? त्याला माहीत असलं तर सांगायचा, नसलं तर नाही माहीत म्हणायचा. तिच्याशीही तो खोटं बोलला नाही.

संक्रांत झाली अन् ती गेली. सकाळी, झोपेतच. तिने मागितलेलं तिला मिळालं होतं, एवढं मी धरून बसलो आहे.

लेक आली, पाहुणे आले, घर भरलं अन् रिकामं झालं. चूल बंद, शेजारचे डबे यायचे. एके दिवशी दुपारी मी तिच्या रिकाम्या खाटेवर बसलो होतो. पाटावर मशीन होतं. त्याला आवाज नव्हताच, त्यामुळे एवढे दिवस माझं लक्ष गेलं नाही. पुढचा दिवा विझलेला होता.

मला राग आला. साहेब बँकेतून आला तसा मी त्याला दारातच धरला. मशीन काऊन बंद आहे? तिने ते चालू पाहायसाठी जीव धरून ठेवला होता, अन् ती जात नाही तोच तुम्ही ते बंद केलं?

तो चप्पल काढता काढता थांबला. म्हणाला, "सुतक आहे ना, काका."

"सुतक माहं आहे," मी म्हटलं. "तुमचं काय त्याच्यात? तुमी भाडेकरू."

त्याने मान खाली घातली. तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. रोज बँकेत गुळगुळीत दाढी करून जाणारा माणूस. ती गेली त्या दिवसापासून त्याने वस्तरा लावला नव्हता. तसाच काउंटरवर बसत होता. लोक विचारत असतील, त्यांना काय सांगत होता कोण जाणे.

मी बाजूला सरकलो, त्याला आत येऊ दिलं. शेजारचा डबा आला होता. दोन ताटं घेतली.

तेरवी झाल्यावर त्याने अंघोळ केली, दाढी केली अन् मशीनसमोर येऊन बसला. मला म्हणाला, काका, सुरू करू?

मी म्हटलं, करा.